ह्यांचं ॲक्चुअली

९ जानेवारी

उशी सरकव — ॲक्चुअली. खिडकी लाव — ॲक्चुअली. चहात साखर कमी पडली — ॲक्चुअली. सकाळपासून हेच चाललंय. डोकं उठलं माझं!

नोव्हेंबरात झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, बोलण्याची जागा तिथेच असते. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि वाचा पूर्ण गेली. घरी आणलं तेव्हा ह्यांच्या तोंडातून नुसती हवा यायची. मग एका सकाळी मी तोंड पुसत होते, आणि हे एकदम स्वच्छ, खणखणीत म्हणाले — ॲक्चुअली. मी टॉवेल तिथेच टाकला आणि लेकीला फोन लावला. बाबा बोलले! वाटलं, इंजिन आलं म्हणजे मागून डबे येणारच. कसले डबे! इंजिन एकटंच इकडून तिकडे शिट्ट्या मारत फिरतंय.

आणि उरून उरून शब्द तरी कुठला उरावा? माझं नाव नाही. लेकीचं नाव नाही. पाणी नाही. इंग्रजी ॲक्चुअली!

११ जानेवारी

तसं नवल नाही म्हणा. आयुष्यभर ह्यांच्या जिभेवर तोच बसलेला.

आमचं चष्म्याचं दुकान, घराला लागूनच. पुढे काउंटर, आरसे, भिंतभर फ्रेमा, कोपऱ्यात डोळे तपासायची काळी खोली — तिथे हे. मध्ये फळीचं पार्टिशन. मागे काच घासायचं मशीन, स्क्रूच्या डब्या, एक बल्ब आणि मी. तीस वर्षं मी हा शब्द फळीच्या पलीकडून ऐकला. "ॲक्चुअली ताई, ही फ्रेम तुमच्या चेहऱ्याला लहान होते" — म्हणजे शेजारची महाग आहे, ती घ्या. "ॲक्चुअली चष्मा तयारच आहे, फक्त एक हात फिरवायचा राहिलाय" — म्हणजे काच अजून आलेलीच नाही. "ॲक्चुअली आमच्या हिचा हात जरा दुखतोय" — माझा हात ठणठणीत! हेच माझ्याकडे काम द्यायला विसरलेले. कुणी फळीतून डोकावून मला काही विचारलं, तर हे मध्येच. तिला नका विचारू, ॲक्चुअली ती मागचं बघते.

मी कधी काही बोलले नाही. बोलायला ह्यांनी जागाच कुठे ठेवली होती?

वरच्या मजल्यावर इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई राहतात. आज जिन्यात भेटल्या, तर विचारलं, या शब्दाचा नक्की अर्थ काय हो? बिचाऱ्या आत जाऊन जाडजूड शब्दकोश घेऊन आल्या. खरोखर. वस्तुतः. प्रत्यक्षात. शिवाय म्हणाल्या, समोरच्याची चूक न दुखावता सुधारायची असेल तेव्हा वापरतात. आणि अनपेक्षित काही सांगायचं असेल तेव्हाही. आणि हल्लीची मुलं तर नुसतं तोंड उघडायला वापरतात, त्याला अर्थच नसतो.

मला जिन्यातच हसू आलं. खरोखर म्हणे! आमच्या दुकानात तो शब्द थापेच्या एक पाऊल पुढे चालायचा.

१३ जानेवारी

मशीनकडे बघून म्हणाले — ॲक्चुअली. मी म्हटलं, हो, बटण बंद केलंय. डोळे मिटले. बरोबर ओळखलं!

१८ जानेवारी

आता मला सगळं कळायला लागलंय. खालच्या सुरात सुरू होऊन शेवट लांबला, तर बाथरूमला जायचंय. झटकन तोडून टाकला, तर दार लाव, वारा येतोय. डोळे मिटून म्हणाले तर मला एकट्याला सोड. शेवटी आवाज वर गेला तर लेकीचा फोन आला होता का. शब्दकोशात अर्थ तीन-चार. माझ्याकडे त्याहून जास्त भरतील.

आणि ह्यांना रोज चाकाच्या खुर्चीतून दुकानात आणते. डोळे तपासणं बंद आहे, डॉक्टरचा कागद घेऊन येतात त्यांचेच चष्मे करून देते. मी आता ह्यांच्या स्टुलावर बसते, काउंटरला. लोक ह्यांना बघायला येतात, हे ॲक्चुअली म्हणतात, लोक माझ्या तोंडाकडे बघतात, आणि मी सांगते. दीर आले होते परवा. हे काहीतरी चारदा म्हणाले, मी सांगितलं, तुमच्या गुडघ्याचं विचारतायत. दिरांच्या डोळ्यांत पाणी. "वहिनी, तुम्हाला बरं कळतं हो सगळं."

इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहिते. मजा येते मला. हो, येते! इतकी वर्षं बल्बाखाली बसून काचा घासल्या, आता माझं तोंड उघडलं की लोक कान देतात. आणि मी थोडं पदरचंही घालते. काल फ्रेमवाला नवा माल घेऊन आला होता, गोल, सोनेरी, भडक. मला एकही आवडली नाही. हे पंख्याकडे बघून ॲक्चुअली म्हणाले. मी म्हटलं, म्हणतायत, यातलं काहीच नको. तो गुमान बॅग भरून गेला.

२२ जानेवारी

आज बोलायला शिकवणारी मुलगी आली, सरकारी दवाखान्यातून. आठवड्यातून एकदा येणार. लेकीपेक्षाही लहान, आखूड केस, पिशवीत चित्रांचे पत्ते. कपाचं चित्र धरलं ह्यांच्यापुढे. हे म्हणाले, ॲक्चुअली. मी म्हटलं, कपच म्हणतायत. ती म्हणाली, काकू, तुम्ही थांबा. मग किल्लीचं चित्र. मी पुन्हा. पुन्हा काकू थांबा. तिसऱ्यांदा मी तोंडात पदर कोंबला.

ती थांबते म्हणजे अशी थांबते, की जीव नकोसा होतो. एक पत्ता धरून बसून राहते. हे घामाघूम होतात, ओठ जुळवतात, सोडतात. मला बघवत नव्हतं.

जाताना तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं, की ह्यांच्या एकाच शब्दातून मी सगळं ओळखते. ती हसली नाही. म्हणाली, काकू, तो शब्द ते निवडत नाहीत. त्यांना काहीही म्हणायचं असलं तरी तोंडातून तोच घसरतो. कदाचित त्यांना वाटत असेल, आपण अख्खं वाक्य बोललो. त्या शब्दात अर्थ नाही.

आणि मानेवरही जाऊ नका म्हणाली, हो म्हणायचं असताना मान नाही म्हणते.

मी म्हटलं, अगं पण मला कळतं. तिने विचारलं, कशावरून? म्हटलं, तीस वर्षांच्या संसारावरून. तर म्हणते, आणि तुमचं चुकलं, तर ते तुम्हाला कसं सांगणार?

२३ जानेवारी

कशावरून म्हणे! उद्या विचारेल, हा तुमचाच नवरा कशावरून.

४ फेब्रुवारी

लेक आली होती, दोन दिवस राहून गेली. तिच्या शहरात एक केंद्र आहे. तिथेच राहायचं, रोज दोन-तीन तास बोलण्याचा सराव, हाताचा, चालण्याचा, सगळं एका छताखाली. सहा महिने तरी. जावयाच्या ऑफिसातल्या कुणाचे सासरे तिथून बोलत बाहेर आले म्हणे. पहिल्या काही महिन्यांत जे परत येतं ते येतं, पुढे अवघड होत जातं. माती ओली आहे तोवरच आई, असं म्हणाली. एक बेड तिने सांगून ठेवलाय, महिनाअखेरपर्यंत.

रंगीत माहितीपत्रक आणलं होतं. पांढरी इमारत, हिरवळ, समांतर दांड्यांना धरून चालणारी माणसं. ह्यांच्या मांडीवर ठेवलं आणि विचारलं, बाबा, याल?

ह्यांनी ते खूप वेळ पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग सुरू झाले — ॲक्चुअली, ॲक्चुअली, ॲक्चुअली — डावा हात वर करून, दाराकडे, काउंटरकडे, छताकडे. लेक माझ्याकडे बघायला लागली. सगळे बघतात तशी.

मी म्हटलं, "म्हणतायत, दुकान सोडून कुठे जाऊ? इथेच बरं आहे."

ह्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. मी म्हटलं, बघ, चिडले. पुन्हा विचारू नकोस.

लेक स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या समजुतीसाठी पुष्कळ बोलले. माहितीपत्रक इथेच राहिलंय, काउंटरवर.

६ फेब्रुवारी

दोन दिवस अन्न गोड लागत नाही. मी काही खोटं बोलले नाही. मला तसंच ऐकू आलं.

१० फेब्रुवारी

पत्तेवाली मुलगी येऊन गेली. काउंटरवरचं माहितीपत्रक पाहून म्हणाली, चांगली जागा आहे, काकांना फायदा होईल. म्हटलं, त्यांना नाही जायचं. विचारलंत? विचारलं. कसं विचारलं? सांगितलं सगळं, मूठ आपटली तेसुद्धा.

ती नुसती पत्ते एकसारखे करत बसली. तिच्या त्या गप्प बसण्याची मला चीड येते. बोल ना बाई काय बोलायचं ते!

१२ फेब्रुवारी

आज एक बाई डोळे तपासून घ्यायला आल्या. म्हटलं, आता तपासत नाही आम्ही. त्या चुकचुकल्या आणि गेल्या. हे काळ्या खोलीच्या दाराकडे बघत बसले. मलाही मग तेच आठवत राहिलं.

ह्यांची एक फुशारकी होती, नवा माणूस दुकानात आला की ऐकवायचे. गिऱ्हाइकाला कधी 'दिसतंय का' असं विचारायचं नाही! विचारलं की ते हो म्हणतं. लाजून म्हणतं, कंटाळून म्हणतं, तुमचं मन राखायला म्हणतं. त्याला दोन काचा दाखवायच्या. आता बरं, की मघाशी? बस्स. मग त्याला न कळू देता काचा उलट क्रमाने लावायच्या आणि पुन्हा तेच विचारायचं. फिरवूनही त्याच काचेला बरं म्हणाला, तर ते खरं. नाहीतर तो तुम्हाला खूष करतोय.

आणि आज एकदम ध्यानात आलं — ॲक्चुअली हा शब्द त्या काळ्या खोलीतून मी कधीच ऐकला नाही. बाहेर बडबड, थापा, लाडीगोडी, सगळं. आत नुसतं आता की मघाशी. आता की मघाशी. आणि मग गिऱ्हाईक बोलेपर्यंत गप्प.

मी महिनोन्‌महिने ह्यांना दिसतंय का, दिसतंय का, असंच विचारत आले.

दुपारी शटर अर्धं ओढलं. भिंतीवरचा फोटो उतरवला — दुकान उघडलं त्या दिवशीचा, पाटीखाली आम्ही दोघं. खुर्चीपुढे फळी आडवी टाकून त्यावर एकीकडे तो फोटो ठेवला, एकीकडे माहितीपत्रक. म्हटलं, "इथे राहायचं, की तिथे जायचं? हात ठेवा." एवढंच. पुढे एक अक्षर बोलले नाही. दातांनी ओठ धरून ठेवला.

ह्यांनी डावा हात माहितीपत्रकावर ठेवला.

मी दोन्हींच्या जागा बदलल्या. पुन्हा विचारलं. हात उचलला, फोटोवरून पलीकडे नेला आणि माहितीपत्रकावर ठेवला. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. मग माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाचा नंबर मिळाला की मान वर करून बघायचे, तसं.

१३ फेब्रुवारी

ते चित्र रंगीत आहे. आमचा फोटो जुना, पिवळा पडलेला. कुणाचाही हात रंगाकडे जाणारच!

१५ फेब्रुवारी

म्हणून दुकानाचा नवा फोटो काढला, मोबाइलवर. कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून मोठा, रंगीत करून आणला. फ्रेमा चमकतायत, आरशात दिवे, मी काउंटरला हसत उभी. ठेवला पुढ्यात. जागा बदलून बदलून विचारलं.

तिथेच जायचंय.

काय करू? कुणाला सांगू? ह्यांना उठवते मी, बसवते मी. दाढी मी करते, नखं मी कापते, अंथरूण ओलं झालं तर कपाळाला आठी न घालता बदलते मी. माझ्या हातचं सगळं चालतं आणि मी चालत नाही! इतकं वाईट वाटलं, की फोटो उलटा करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि तशीच मागे मशीनपाशी जाऊन बसले. घासायला काच नव्हती. नुसतीच बसले.

१६ फेब्रुवारी

कुणाला कळलंय? कुणालाच नाही. महिनाअखेरपर्यंत गप्प बसलं की बेड दुसऱ्याला जाईल. सुंठीवाचून खोकला जाईल.

१९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. पुन्हा एकदा विचारलंस का गं बाबांना? म्हटलं, विचारलं. नाहीच म्हणतायत.

मागचं खोटं नव्हतं. हे आहे.

२२ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहूनच टाकते.

निवृत्त पोस्टमास्तर आले होते, चष्म्याची काडी तुटली म्हणून. दुकान उघडल्यापासूनचं गिऱ्हाईक, ह्यांचे दोस्तच. इतके दिवस आले नव्हते, बघवणार नाही म्हणून टाळत होते, असं स्वतःच म्हणाले. ह्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. विचारलं, काय म्हणता?

हे म्हणाले, ॲक्चुअली. मी काडीचा स्क्रू शोधत होते. मान वर न करता सवयीने सांगितलं — म्हणतायत, थकवा आहे जरा, पण दुकानात बरं वाटतं, कुठे जायची इच्छा नाही.

ह्यांचा डावा हात वर आला. वाटलं, चष्मा सरळ करून हवा असेल. म्हणून मी वाकले. तर ह्यांनी पंजा माझ्या तोंडावर ठेवला. मारला नाही. नुसता ठेवला आणि तसाच धरला. साबणाचा वास येत होता, सकाळी मीच धुतलेला हात. पोस्टमास्तर भिंतीवरच्या फ्रेमा मोजल्यासारखे तिकडे बघत राहिले.

आणि माझं तोंड तसं दाबून धरून हे त्यांच्याशी बोलले. ॲक्चुअली. ॲक्चुअली, ॲक्चुअली. थांबत, चढवत, उतरवत. पोस्टमास्तरांना त्यातलं कणभर कळलं नसणार. पण ते म्हणाले, "सावकाश सांगा. मला घाई नाही."

मग हात खाली आला. मी मागे गेले, काडी बसवली, पार्टिशनच्या आडच राहिले. दोघं दुकान बंद होईपर्यंत बसले होते. पोस्टमास्तर अधूनमधून म्हणायचे, हे काही कळलं नाही बुवा, पुन्हा सांगा. आणि हे पुन्हा सांगायचे. मी फटीतून पाहिलं. हे हसत होते. झटका आल्यापासून असं हसलेले मी पाहिले नव्हते.

मला तर सगळं कळतं म्हणून मी एकदाही पुन्हा सांगा म्हटलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी

दिवसभर अबोला धरला. कुणाशी? ज्याला बोलताच येत नाही त्याच्याशी! काय पण शहाणपणा.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. काल माझं तोंड दाबलं हे खरं, पण बुक्क्या इतके दिवस कोण मारत होतं? ह्यांनी आयुष्यभर माझं तोंड धरलं, तेव्हा हात लावायचीही गरज पडली नाही. नुसतं 'ॲक्चुअली ती मागचं बघते' पुरायचं. मला ते झोंबायचं. आणि मला संधी मिळाली तेव्हा मी काय केलं? तेच. अगदी तेच, त्यांच्याच स्टुलावर बसून!

२४ फेब्रुवारी

सकाळी फोन केला लेकीला. म्हटलं, बाबांना यायचंय तिकडे. ती गोंधळली. पण आई, तू तर म्हणाली होतीस —

"मी म्हणाले होते. ते नव्हते म्हणाले."

मला वाटलं, आता बोलेल चार शब्द, आणि बोलायलाच हवे होते. नाही बोलली. बेड अजून आहे म्हणाली, मी आजच सांगते. मग अवघडून विचारलं, तूही येशील ना? आमच्याकडे राहा, भेटायला जाता येईल. हो अगदी जिभेच्या टोकाला आलं होतं. म्हटलं, आधी त्यांना तिथे रुळू दे. मग बोलाव.

बोलावलं की जाणार. लगेच जाणार. दुकानाला कुलूप घालायला कितीसा वेळ लागतो!

१ मार्च

गेले.

जावई गाडी घेऊन आले होते. मी ह्यांना निळा शर्ट घातला, बूट चढवले, पट्टे आवळले. चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला, काड्या कानामागे नीट बसल्या का ते पाहिलं. ते काम तरी माझं आहे. पुढच्या सीटवर बसवलं. दार लावणार तेवढ्यात माझा हात धरला आणि म्हणाले — ॲक्चुअली.

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला नाही माहीत, म्हटलं.

खरंच नाही माहीत. पण तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. येतो म्हणाले असतील? ये म्हणाले असतील? की पट्टा घट्ट झालाय, सैल कर?

२ मार्च

चाकाची खुर्ची घडी करून दाराआड ठेवली. दोनदा तिलाच अडखळले.

८ मार्च

दुकानात शुकशुकाट. काउंटरवर बसवत नाही, मागे बसले की पुढे कुणी आलेलं कळत नाही. फळीचं ते पार्टिशन काढून टाकावं म्हणते. पण कुणाच्या मदतीने काढू आणि कशासाठी.

दुपारी एक गृहस्थ चष्मा न्यायला आले. काच पडून होती, मी हातही लावला नव्हता. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "ॲक्चुअली तयारच आहे, उद्या या." स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. ते गेल्यावर कळलं, या शब्दाचा उपयोग काय. खरं-खोटं नंतरची गोष्ट. पुढचं सुचेपर्यंत तो समोरच्याला थोपवून धरतो, एवढंच. पुढे मी बोलणार आहे, अजून जाऊ नका.

ह्यांनाही तेवढंच म्हणायचं असेल का? सारखं? आणि मी दर वेळी त्यांच्या पुढे धावून त्यांचं वाक्य संपवून टाकलं?

वरच्या बाईंना विचारायला हवं, हा अर्थ त्यांच्या शब्दकोशात आहे का. नको. कशाला.

१७ मार्च

लेकीचा फोन. बाबा खूष दिसतात. काठी धरून दाराशी येतात. बोलण्यात अजून फरक नाही, पण तिथल्या बाई म्हणतात धीर धरा. मी विचारलं, मी कधी येऊ? ती म्हणाली, मलाही तू यायला हवी आहेस गं. पण इथे ते सगळं पेशंटला विचारून करतात. कोण भेटायला यावं, कधी यावं, सगळं. मी विचारते बाबांना.

विचार, म्हटलं. दोन चित्रं ठेवून विचार. आणि वाट बघ.

मी बॅग भरून ठेवली आहे. ह्यांचा जाड स्वेटर राहून गेला होता, तोही घातला त्यात.

२४ मार्च

फोन नाही. मी करत नाही. आपण होऊन सांगू दे.

३ एप्रिल

लेकीचा फोन. बाबांना दुसरा शब्द आला! स्पष्ट, एकदम मोकळा — नाही.

मला रडूच फुटलं. म्हटलं, कशाला नाही म्हणाले गं? ती मग म्हणाली, आई, मनाला लावून घेऊ नकोस, चहालासुद्धा नाही म्हणाले आणि मग प्यायले.

चहाचं राहू दे, म्हटलं. काय विचारलं होतंस?

आईला बोलावून घेऊ का, असं विचारलं होतं.

"लगेच म्हणाले, की विचार करून?"

"विचार करून, आई."

आज पहिल्यांदा ह्यांच्या बोलण्याचा अर्थ मला लावावा लागला नाही.